हिंदालचा पाळणा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. दरवर्षी मोगलांचा धडा येतो आणि फळ्यावर सनावळी लिहिली जाते. १५२६ पानिपत, १५२७ खानवा, १५३० बाबरचे निधन. मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. काही वर्षांपूर्वी असाच धडा चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी आठवड्यापूर्वी पाचवे बाळ आले होते. वर्गात तिला सारखी डुलकी लागत होती, म्हणून आम्ही तिला दोनदा टोकलेही होते. ती म्हणाली, "बादशाहाच्या घरी नवं बाळ आलं की मोठ्या पोरांना कोण सांभाळायचं?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण उत्तर आमच्यापाशी नव्हते.

घरी आल्यावर तो प्रश्न पाठ सोडीना. त्याला कारण होते. आमच्या स्वतःच्या घरात एका बाळाचे आगमन असे झाले होते की त्याबद्दल आजही आम्ही भावंडे मोकळेपणी बोलत नाही. ते पुढे सांगूच. आधी बादशाहाच्या घरात डोकावू.

या घराची हकिकत सांगणारी दोन पुस्तके सुदैवाने उरली आहेत. एक खुद्द बाबरने तुर्कीत लिहिलेले बाबरनामा. दुसरे त्याची मुलगी गुलबदन बेगम हिने म्हातारपणी फार्सीत लिहिलेले हुमायूननामा. अकबराने १५८७ च्या सुमारास आपल्या या आत्याला सांगितले की अब्बा आणि दादा यांच्याविषयी जे आठवते ते लिहून काढ. त्या वेळी तिचे वय साठीच्या पुढे होते आणि ती हज करून आलेली होती. तिच्या पुस्तकाची एकच जुनी प्रत आज माहीत आहे, तीही अपुरी. ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ॲनेट बेव्हरिज या विदुषीने १९०२ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाला या पुस्तकाची नीट ओळख झाली. बापाच्या पुस्तकात लढाया, बागा, खरबुजे आणि नद्या आहेत. मुलीच्या पुस्तकात माणसे रडतात, रुसतात, लग्नाला नकार देतात, एकमेकांची उंची विचारतात. इतिहास शिकवणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

बाबरने १५०४ मध्ये काबूल घेतले. ६ मार्च १५०८ रोजी काबूलच्या बालेकिल्ल्यात माहम बेगमच्या पोटी हुमायून जन्मला. त्याच सुमारास बाबरने 'पादशाह' ही पदवी धारण केली. मुलाच्या जन्माची मेजवानी चारबागेत झाली. लहानमोठ्या सगळ्या सरदारांनी नजराणे आणले आणि चांदीच्या नाण्यांचा एवढा ढीग पडला की तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता, असे बाबर मोठ्या कौतुकाने नोंदवतो. पहिल्या बाळाचे असेच होते. आपल्या मोहल्ल्यातसुद्धा पहिल्याच्या अकीक्याला शामियाना पडतो आणि चौथ्याला घरच्या घरी सालन शिजते.

मग घर भरत गेले. गुलरुख बेगमला कामरान झाला, पुढे अस्करी झाला. अस्करी म्हणजे लष्करातला. तो छावणीत जन्मला म्हणून त्याचे हे नाव. दिलदार बेगमला गुलरंग आणि गुलचेहरा या दोन मुली झाल्या. माहमलाही हुमायूननंतर मुले झाली, पण एकही जगले नाही. हुमायूनखेरीज तिची चार बाळे तान्हेपणीच गेली. त्यांतला फारूक १५२६ साली जन्मला तेव्हा बाबर हिंदुस्थानात होता. बापाने तोंड पाहण्याआधीच ते लेकरूही गेले. बाबरच्या घरात दागिन्यांची आणि दासींची कमी नव्हती, पण बाळंतिणीच्या खोलीत गरीब आणि बादशाह यांच्यात फार फरक नव्हता. देवी, ताप, जुलाब यांना दरवाजावरचे पहारेकरी अडवू शकत नव्हते.

आता १५१९ सालाकडे येऊ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाबरने बाजौरचा किल्ला घेतला आणि तो त्याच मुलुखात तळ देऊन होता. काबूलहून माहमचे पत्र आले. दिलदार पुन्हा गरोदर होती. माहमने लिहिले होते की होणारे मूल मुलगा असो वा मुलगी, ते मला द्या, मी ते आपले म्हणून वाढवीन. बाबरने होकार दिला आणि तसे पत्र काबूलला रवाना केले. बाळ अजून आईच्या पोटात होते. त्याची आई काबूलमध्ये होती आणि बाप डोंगरांपलीकडे लष्करात. मूल कुणाचे व्हायचे हे दोन पत्रांत ठरून गेले.

मुलगा की मुलगी, याचा कौलही तिथेच तळावर लावला गेला. ही रीत बायकांची होती. कागदाच्या दोन चिठ्ठ्या घ्यायच्या, एकीवर मुलाचे नाव आणि दुसरीवर मुलीचे. दोन्ही चिकणमातीच्या गोळ्यांत बंद करून पाण्याच्या वाडग्यात टाकायच्या. माती विरघळून जी चिठ्ठी आधी मोकळी होईल, ते अपत्य होणार. चिठ्ठी मुलाची निघाली. तोफा आणि बंदुका घेऊन किल्ले घेणारा हा माणूस वाडग्यातल्या मातीकडे बघत बसला असेल, हे चित्र आम्हाला पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा खरे वाटते.

लष्कर पुढे सरकून झेलमच्या काठी भेऱ्याला पोहोचले. मार्चच्या आरंभी काबूलहून जासूद आले. दिलदारला मुलगा झाला होता. हिंदच्या मुलुखावर पाऊल पडत असताना ही खबर आली, हा शुभशकुन मानून बाबरने त्याचे नाव हिंदाल ठेवले. बाबरनाम्याला जोडलेल्या एका जुन्या टिपेत पुढची गोष्ट आहे. बाळ तीन दिवसांचे झाले आणि त्याला दिलदारपासून उचलून माहमकडे नेण्यात आले. दिलदारची मर्जी असो वा नसो, असे त्या टिपेत स्पष्ट म्हटले आहे. एवढ्या चारदोन शब्दांपलीकडे त्या दिवसाविषयी काही उरलेले नाही.

या ठिकाणी आम्ही पुस्तक मिटले होते.

कारण तो प्रसंग आम्ही पाहिला आहे. आमच्या जुन्या घरात एकच अंगण होते आणि त्याला दोन बाजूंनी दोन चुली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला बडे अब्बा आणि बडी अम्मा. बडे अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. बडी अम्माची तीन बाळे गेली होती, त्यातले एक तर बसायला लागल्यावर गेले. आम्ही चौघे भावंडे दिवसभर दोन्ही चुलींवर जेवत असू. १९९७ च्या उन्हाळ्यात अम्मीला पाचवा मुलगा झाला. अब्बांनी त्याच्या कानात अजान दिली, दादीने मध चाटवला, सातव्या दिवशी अकीका झाला, डोक्याचे केस उतरवून त्यांच्या वजनाइतकी चांदी खैरात केली. चाळिसाव्या दिवशी अम्मी न्हाली. त्या संध्याकाळी दादीने बाळाला उचलले, अंगण ओलांडले आणि ते बडी अम्माच्या मांडीवर ठेवले. मोठी माणसे आधीच बोलून बसली होती. आम्हा मुलांना कुणी काही सांगितले नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. तो दादीच्या मागे धावत गेला आणि म्हणाला, "अपना है वो, इधर लाओ." सगळे हसले. अम्मी आत डिंकाचे लाडू डब्यात भरत होती. ती हसली की नाही, हे आम्ही पाहिले नाही.

म्हणून गुलबदनचे पुस्तक वाचताना आम्ही सारखे मोठ्या भावंडांना शोधत राहिलो. १५१९ च्या मार्चअखेर बाबर काबूलला परतला. येणार असल्याची आगाऊ खबर नव्हती. हुमायून तेव्हा ११ वर्षांचा होता आणि कामरान त्याच्याहून थोडा लहान. त्यांना घोड्यावर बसवून सामोरे पाठवायलाही वेळ मिळाला नाही. जवळच्या नोकरांनी दोघांना कडेवर घेतले आणि वेशीपासून बालेकिल्ल्याच्या वाटेवर आणून बापाला भेटवले. हे बाबरनेच लिहिले आहे. आत कुठल्या तरी दालनात महिनाभराचा हिंदाल माहमपाशी होता. दुसऱ्या दालनात दिलदार होती, तिच्यापाशी गुलरंग आणि गुलचेहरा या दोघी. त्या दोघींनी आईला काय विचारले असेल? त्यांच्या हाती लेखणी आली नाही, ती धाकट्या बहिणीच्या हाती आली.

ती धाकटी म्हणजे गुलबदन. तिचा जन्म १५२३ च्या सुमाराचा. ती दोन वर्षांची झाली आणि माहमने तिलाही मागून घेतले. त्याच वर्षी, १५२५ च्या नोव्हेंबरात, बाबर हिंदुस्थानच्या स्वारीवर निघाला. दिलदारची दोन लेकरे आता माहमच्या दालनात होती. त्यानंतर दिलदारला अलवर नावाचा मुलगा झाला. तो १५२९ मध्ये आग्ऱ्याला वारला. गुलबदन लिहिते की दिलदार दुःखाने वेडीपिशी झाली होती, तिचा शोक आवरेना. तेव्हा बाबरने सगळ्या बेगमांना सोबत घेऊन धौलपूरची सफर काढली, तिचे मन रमावे म्हणून. ज्या बाईची दोन मुले जिवंत असून दुसरीकडे वाढत होती आणि जवळचे तिसरे मातीत गेले, तिच्या रडण्याला मर्यादा का नव्हती, हे आम्हाला सांगावे लागत नाही.

पण माहमलाही खलनायिका करता येत नाही. गुलबदन तिला 'आकाम' म्हणजे माझी बाईसाहेब म्हणते, आणि हा शब्द ती फार प्रेमाने वापरते. १५२९ च्या जून महिन्यात काबूलहून माहमचा काफिला आग्ऱ्याजवळ आला. सोबत सहा वर्षांची गुलबदन होती. बाबरला खबर लागताच घोडा येईपर्यंतही त्याला धीर निघाला नाही. तो पायीच सामोरा गेला. माहम रात्रीच पुढे निघून गेली आणि मुलीला दिवसाउजेडी यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वाटेत वजीर खलीफा आणि त्याच्या बेगमने या सहा वर्षांच्या पाहुणीचे आगतस्वागत केले. तिच्यासमोर भाजलेल्या मेंढ्या, रोट्या, सरबते आणि फळे मांडली. मग ती बापासमोर आली आणि त्याच्या पायांवर वाकली. त्याने तिला उचलून घेतले. तीन-साडेतीन वर्षांनी ती बापाला भेटत होती. त्या कुशीत जे सुख मिळाले त्याहून मोठे सुख कल्पनेत येत नाही, असे तिने साठीत लिहून ठेवले.

या घरातला बाप कामात बुडालेला होता, पण मुलांकडे त्याचे लक्ष नव्हते असे नाही. नोव्हेंबर १५२८ मध्ये त्याने हुमायूनला लिहिलेले एक लांब पत्र बाबरनाम्यात आहे. हुमायून तेव्हा २० वर्षांचा होता. बदख्शानचा कारभार पाहत होता आणि नुकताच बाप झाला होता. त्याने मुलाचे नाव अल-अमान ठेवले. आजोबा अभिनंदन करतात आणि लगेच नावावर येतात. अर्थ चांगला आहे, पण सामान्य लोक त्याचा उच्चार बिघडवतील आणि तुर्कीत भलताच अर्थ होईल, लुटारूसारखा, हे तुझ्या ध्यानात आले नाही का? पुढे ते त्याचे पत्रलेखन तपासतात. इल्तिफात हा शब्द तू 'ते'ऐवजी 'तोय'ने लिहिलास. तुझी वाक्ये इतकी गुंतागुंतीची असतात की अर्थ लागत नाही, साधे लिहीत जा. हे वाचून आम्हाला आमच्या वह्या तपासण्याची आठवण आली. याच पत्रात कामरानचा विषयही आहे. मुलखाची वाटणी सहा आणि पाच या हिशेबाने होत आली आहे, सहा हिस्से तुझे, पाच कामरानचे, तेव्हा धाकट्याशी जमवून घे, असे बजावले आहे. अल-अमान मात्र तान्हेपणीच गेला. त्याची आई बेगा बेगम. पुढे दिल्लीला हुमायूनचा मकबरा उभा राहिला तो तिच्याच पुढाकाराने.

बाबरच्या घरातल्या भावंडांच्या मनात काय साचत होते, हे एका प्रसंगातून कळते. हुमायून फार आजारी पडला. माहम बाबरला म्हणाली की आपण बादशाह आहात, आपल्याला आणखी मुलगे आहेत, मला मात्र हा एकच. बाबर म्हणाला की आणखी मुलगे असले तरी तुझ्या हुमायूनइतका मला कुणी प्रिय नाही. हा संवाद गुलबदननेच नोंदवला आहे. माहमचा विचार करा. हिंदालला तीन दिवसांचा असताना तिने घेतले होते, ११ वर्षे तो तिचा म्हणवला गेला, आणि संकटाच्या घटकेला तिच्या तोंडून निघाले ते एकच मुलाचे नाव. हिंदालची सख्खी बहीण हे लिहीत होती. तिने त्यावर एका अक्षराचेही भाष्य केलेले नाही.

आणि बाबरही तसा नव्हता. शेवटच्या दुखण्यात तो सारखा हिंदालची चौकशी करीत होता. १५२५ मध्ये त्याने सोडला तेव्हा हिंदाल सहा वर्षांचा होता. हुमायून बदख्शान सोडून आग्ऱ्याला आला तेव्हा त्या मुलखाची जबाबदारी या दहा वर्षांच्या पोरावर टाकून आला होता. हिंदालच्या पालकाचा मुलगा बाबरला भेटायला आला. त्याच्या अंगावर हिंदालने बक्षीस दिलेला स्वतःचा पोशाख होता. बाबरने त्याला जवळ बोलावले आणि त्या कपड्यांवरून आपला मुलगा केवढा उंच झाला याचा अंदाज घेतला. २६ डिसेंबर १५३० रोजी बाबर वारला. भावांनी काहीही केले तरी त्यांच्यावर हात टाकू नकोस, अशी त्याची हुमायूनला अखेरची ताकीद होती. पुढे दोन-तीन वर्षांत माहमही गेली. गुलबदन तेव्हा दहा वर्षांची होती. ती रात्रंदिवस रडत असे आणि हुमायून येऊन तिची समजूत घाली. आणखी एक वर्ष ती माहमच्याच घरात राहिली आणि मग आपल्या जन्मदात्या आईकडे, दिलदारकडे परत आली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूल दिले म्हणून या घराने त्याचा वंश झाकला नाही. दोघे भावंडे दिलदारची, हे सर्वांना ठाऊक होते आणि पुस्तकातही तसेच लिहिले आहे. आपल्या शरीअतचा दंडकही हाच आहे. हजरत झैद बिन हारिसा यांना लोक आधी झैद बिन मुहम्मद म्हणत. सूरह अहजाबच्या आदेशानंतर त्यांना पुन्हा त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारली जाऊ लागली. मूल वाढवणे हे पुण्याचे काम, पण त्याचे नाव बदलणे नाही. वारसाहक्कही रक्ताने ठरतो. वाढवलेल्या मुलाला काही द्यायचे तर हयातीत बक्षीस द्यावे किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत करावी. आमच्या धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर अब्बांचेच नाव लागले, ते दादांनी आग्रहाने लावले. त्या वेळी बडी अम्मा दोन दिवस जेवली नव्हती. दादा आपल्या जागी बरोबर होते आणि बडी अम्माचे उपाशी राहणेही खोटे नव्हते.

नाव झाकले नाही म्हणूनच दिलदारचा आईपणाचा हक्क मेला नाही. १५३८ मध्ये हुमायून बंगालात अडकला असताना १९ वर्षांच्या हिंदालने आग्ऱ्यात बंड केले आणि स्वतःच्या नावे खुतबा पढवला. तो दिलदारच्या भेटीस गेला तेव्हा ती निळे वस्त्र नेसून बसली होती. निळा रंग सुतकाचा. हे काय नेसलीस, असे त्याने विचारले. तिने उत्तर दिले की मी तुझेच सुतक धरले आहे. तीन दिवसांचा असताना ज्याला तिच्या कुशीतून उचलून नेले, त्याला भावाविरुद्ध जाण्यापासून अडवायला हीच आई उभी राहिली.

पुढचा इतिहास भावांच्या भांडणाचा आहे. १५३९ मध्ये चौसा आणि १५४० मध्ये कनौज येथे शेरशाहाने हुमायूनचा पराभव केला आणि राज्य गेले. सिंधच्या वाळवंटात वणवण चालू असताना १५ ऑक्टोबर १५४२ रोजी उमरकोटला अकबर जन्मला. हुमायूनचा सेवक जौहर याने लिहिले आहे की वाटायला बादशाहाजवळ फक्त कस्तुरीची एक नाभी होती. तीच फोडून त्याने सोबतच्यांना वाटली. चारबागेतला चांदीचा ढीग आणि ही कस्तुरीची चिमूट, मध्ये फक्त ३४ वर्षांचे अंतर. पुढच्या वर्षी जीव वाचवून इराणकडे पळताना वर्षभराचे मूल मागे राहिले आणि ते अस्करीच्या हाती पडले. अस्करी कामरानच्या बाजूचा, म्हणजे शत्रू. पण त्याच्या बेगमने कंदाहारला त्या मुलाला नीट सांभाळले. मूल चालू लागले तेव्हा दाई माहम अनगाने अस्करीला आठवण दिली की आपल्या तुर्की रिवाजाप्रमाणे बाळाने पहिले पाऊल टाकले की बापाने किंवा आजोबाने आपली पगडी त्याच्यावर फेकून त्याला पाडायचे असते, नजर लागू नये म्हणून. बाप इथे नाही, आपणच बापाच्या जागी. अस्करीने डोक्यावरची पगडी काढून पुतण्यावर फेकली आणि मूल धपकन बसले. मोठेपणी अकबर म्हणत असे की तो क्षण मला आठवतो. बापाशी वैर असलेल्या काकाने बापाचा रिवाज पुरा केला. त्याच घरातल्या दुसऱ्या काकाने, कामरानने, १५४७ मध्ये काबूलच्या वेढ्यात याच मुलाला तटावर तोफांसमोर बसवले. एकाच अंगणात वाढलेली माणसे दोन्ही करू शकतात.

हिंदाल पुढे हुमायूनशी एकनिष्ठ राहिला. २० नोव्हेंबर १५५१ च्या रात्री कामरानच्या लोकांनी छापा घातला आणि त्यात हिंदाल मारला गेला. वय ३२. गुलबदन लिहिते की त्या तलवारीने माझा मुलगा किंवा माझा पती घेतला असता तरी चालले असते, पण माझा भाऊ का घेतला. वरकरणी क्रूर वाटावे असे हे बोलणे आहे. पण आपली जन्मदात्री असताना दुसऱ्या घरी वाढलेली ती दोनच भावंडे होती. त्यांच्यातले नाते तिसऱ्याला कळणारे नव्हते. कामरानला अखेर १५५३ मध्ये आंधळे करण्यात आले आणि तो मक्केला जाऊन वारला. अस्करीचीही रवानगी मक्केकडे झाली. बापाची ताकीद हुमायूनने पुष्कळ वर्षे पाळली, शेवटपर्यंत पाळता आली नाही.

हिंदालची मुलगी रुकय्या ही अकबराची पहिली बेगम. तिला मूल झाले नाही. ५ जानेवारी १५९२ रोजी लाहोरला शहजादा सलीमची बेगम जगत गोसाईं हिला मुलगा झाला. सहाव्या दिवशी अकबराने ते बाळ रुकय्याच्या ओटीत घातले. हाच खुर्रम, पुढचा शाहजहान. त्याला रुकय्याने पोटच्या मुलासारखे वाढवले, असे जहांगीरने मोकळ्या मनाने लिहिले आहे. तीन दिवसांचा असताना दिला गेलेल्या मुलाची मुलगी, सहा दिवसांच्या दिल्या गेलेल्या मुलाला वाढवते. जगत गोसाईंला काय वाटले, हे लिहायला तिथे गुलबदन नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बडी अम्मा अल्लाहला प्यारी झाली. आमच्या धाकट्याने तिची अखेरची दोन वर्षे जिवापाड सेवा केली. मय्यत उठली तेव्हा पहिला खांदा त्याचा होता. संध्याकाळी तो आमच्या बाजूला आला, अम्मीजवळ बसला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुम्ही मला का दिलं?" अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. उत्तर दिले नाही. आम्ही भावंडे उगाच चहाचे कप गोळा करीत राहिलो.

त्यानंतर एका रात्री आम्ही अम्मीला दिलदारची गोष्ट उर्दूत वाचून दाखवली. माहमचे पत्र, मातीचे गोळे, तीन दिवसांचे बाळ, सगळे. ती निमूटपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "उस से किसी ने पूछा था?" आम्ही म्हणालो, पुस्तकात तसे काही नाही. ती म्हणाली, "मुझ से भी नहीं पूछा था. पूछते तो मैं देती. जीनत के गोद में अपने हाथ से रखती." मग ती उठून निजायला गेली.

आपल्या समाजात आजही भरल्या घरातले मूल रिकाम्या घरी दिले जाते. ते वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. बडी अम्माचे घर त्या एका मुलाने नांदते झाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पण दिलदारला जे १५१९ मध्ये कुणी विचारले नाही, ते १९९७ मध्येही कुणी विचारले नाही. मधल्या पावणेपाचशे वर्षांत राज्ये आली आणि गेली, छापखाना आला, शाळा आल्या, आम्ही बी.एड. झालो. बाळंतिणीच्या खाटेजवळ मात्र निर्णय पोहोचतो तो झालेलाच. आणि मोठ्या भावंडांना तर तेवढेही सांगितले जात नाही. ती पोरे दाराआड उभी राहून सगळे पाहतात आणि जन्मभर लक्षात ठेवतात.

गेल्या रमजाननंतर आमच्या घरी पुन्हा पाळणा हलला. आमच्या साडेतीन वर्षांच्या त्या भावाला, जो आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे, तिसरी मुलगी झाली. तिच्या मोठ्या भावंडांना आम्ही बाबरच्या तळावरची गंमत सांगितली होती. त्यांनी बाळ येण्याआधीच अंगणातली माती कालवून दोन गोळे केले आणि अम्मीच्या कढीच्या वाडग्यात टाकले. चिठ्ठी मुलाची निघाली आणि आली मुलगी. दोघे दिवसभर एकमेकांवर माती कमी मळल्याचा आरोप करीत होते. वाडगा खराब केला म्हणून अम्मीने दोघांना रागे भरले.

सहाव्या दिवशी नावावरून घरात वाद झाला. काकांनी एक नाव सुचवले, आत्याने दुसरे, आम्ही अर्थातच गुलबदन सुचवले आणि सर्वांचे हसू ओढवून घेतले. अम्मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "पहले उस से पूछो, जिस ने नौ महीने रखा." सगळे गप्प झाले. आमच्या भावजयीने आतल्या खोलीतून नाव सांगितले. तिची दोन्ही मुले खाटेजवळच बसलेली होती. त्यांना ते नाव आधीच माहीत होते.